हिवाळ्यातल्या खारी आणि पक्ष्यांचे फीडर: पाखरांचं किती, खारीचा वाटा किती?

पाऊलवाट | २८ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

इथे उत्तर अमेरिकेत, परसात पक्ष्यांसाठी फीडर (दाणे भरून टांगायची नळी) लावायला लागल्यापासूनचा हा माझा तिसरा हिवाळा. पहिली दोन वर्षं खारी अधूनमधून यायच्या, खाली सांडलेलं वेचायच्या आणि जायच्या. या वर्षी थंडी पडल्यापासून दोन राखाडी खारींनी फीडरचा पूर्ण ताबाच घेतलाय. सकाळी सातला नळी भरून ठेवते, साडेनऊला ती निम्मी झालेली असते आणि दुपारी तळ दिसतो. खार मागच्या पायांनी आकडा धरून उलटी लटकते आणि पुढच्या दोन्ही पायांनी दाणे काढत बसते. ती तिथे असेपर्यंत एकही पाखरू जवळ फिरकत नाही.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते चिकडी या इवल्या पाखराचं. जेमतेम ११ ग्रॅमचा जीव. पिसं फुगवून मेपलच्या फांदीवर बसून राहते, दोनदा फीडरपर्यंत येऊन मागे फिरते. बाहेर उणे १५ असताना तिचा तो एकेक फेरा फुकट जाताना बघवत नाही.

फीडर डेकच्या कठड्याला आकडा लावून टांगलाय. मेपलचं खोड तिथून चारेक फुटांवर आहे. प्लास्टिकची नळी होती, तिची दाणे यायची भोकं खारींनी कुरतडून रुपयाएवढी केली, आता दाणे आपोआप सांडतात. कुणीतरी सांगितलं म्हणून आकड्याला व्हॅसलिन फासलं. दोन दिवस खारी घसरल्या, तिसऱ्या दिवशी सरळ कठड्यावरून उडी मारून आल्या.

खारींवर माझा राग नाही, त्यांनाही थंडी आहेच. पण पाखरांसाठी ठेवलेलं पाखरांना मिळावं एवढीच इच्छा आहे. तुम्ही काय करता? खरंच टिकलेला उपाय सांगा, आठवडाभर चाललेला नको.

---

कवडसा | २८ नोव्हेंबर

वाचतेय. आमच्याकडे अगदी हेच चालू आहे. मी तर या महिन्यात फीडर काढूनच ठेवलाय.

---

रानपाखरू | २८ नोव्हेंबर

पाऊलवाट, सगळ्यात आधी ते व्हॅसलिन पुसून टाका, आजच्या आज. तेल, ग्रीस, व्हॅसलिन, काहीही चिकट असलं की ते पिसांना लागतं. पिसं एकमेकांना चिकटली की त्यांच्यात हवा धरून राहत नाही, आणि पाखराला ऊब देते ती हीच हवा. चोचीने साफ करूनही ते निघत नाही. उणे १५ मध्ये छातीची पिसं चिकटलेली चिकडी रात्र काढू शकणार नाही. खारीच्या लोकरीचंही तेच होतं. हा उपाय बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, म्हणून मुद्दाम जोर देऊन लिहितोय.

आता मूळ गोष्ट. मी बारा वर्षं फीडर लावतोय आणि पाच-सहा प्रकारचे 'खार चढू न शकणारे' फीडर वापरून झाले. अनुभवाने एकच सांगतो: फीडर कुठला यापेक्षा तो कुठे आहे हे पाहा. राखाडी खार जमिनीवरून सरळ वर चार ते पाच फूट उडी मारते. आडवी आठ ते दहा फूट जाते. वरून खाली तर त्याहून लांबवर येते. तुमचा फीडर खोडापासून चार फुटांवर आणि कठड्याला चिकटून आहे. तिच्या दृष्टीने ते वाढलेलं ताट आहे. तिथे कितीही महाग फीडर टांगलात तरी निकाल हाच येईल.

असं करा:

झाड, कठडा, कुंपण, पन्हाळ, अंगणातली खुर्ची, कपड्यांची दोरी, या सगळ्यांपासून किमान १० फूट लांब जागा शोधा. १२ मिळाले तर उत्तम. खोडापासून मोजू नका, सगळ्यात जवळच्या फांदीच्या टोकापासून मोजा. फांदी डोक्यावर असेल तर आडवं अंतर आणखी वाढवा. तिथे गुळगुळीत लोखंडी पोल रोवा. लाकडी खांब नको, लाकडात नखं रुततात.

पोलला बॅफल, म्हणजे खारीला वर चढू न देणारा अडथळा, लावा. छत्रीसारखे बॅफल मिळतात, पण माझा भरवसा नळकांड्यावर आहे. धुराड्याच्या पाइपसारखा पत्र्याचा नळ, सहा ते आठ इंच व्यासाचा, दोन फूट लांब, वरून बंद, खालून उघडा. खार पोलवरून चढते, नळकांड्याच्या आत शिरते, वर वाट बंद असते, परत उतरते. बाहेरून चढायला जावं तर पत्रा रुंद आणि निसरडा, मिठीत मावत नाही. नळकांड्याचं वरचं टोक जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर हवं आणि फीडर त्याच्याही वर. नळकांडं पोलला घट्ट आवळू नका, किंचित डुलू द्या.

यातली एकही गोष्ट सोडली तर बाकीच्यांचा उपयोग राहत नाही. बॅफल आहे पण फांदी सहा फुटांवर, तर ती बॅफलला शिवायचीच नाही. अंतर आहे पण बॅफल नाही, तर पोलवरून येईल.

---

पाऊलवाट | २८ नोव्हेंबर

व्हॅसलिन गरम पाण्याने आणि साबणाने पुसून आले. वाचून काळजात चर्र झालं, मला हे अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

परसात एकच जागा १० फुटांची निघेल, पण ती अगदी उघड्यावर आहे. तिथे ससाण्याची भीती नाही का? इथे एक घिरट्या घालताना दिसतो.

---

रानपाखरू | २८ नोव्हेंबर

प्रश्न रास्त आहे, आणि इथे दोन गरजा एकमेकींना छेदतात. पाखरांना लपायला झुडूप जवळ हवं, पण तेच झुडूप खारीला उडीची पायरी होतं. १० ते १२ फूट हे दोघांच्या मधलं अंतर आहे. पाखरू पंखांच्या दोन-चार फटक्यांत झुडपात पोचतं, खारीची उडी पोचत नाही.

खिडकीचंही बघून घ्या. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत तरी हवा नाहीतर ३० फुटांच्या पलीकडे. मधल्या अंतरावर असला तर दचकून उडालेलं पाखरू पूर्ण वेगाने काचेवर आपटतं. तीन फुटांच्या आत असेल तर त्याला तेवढा वेग घ्यायला जागाच मिळत नाही.

---

तिखटमीठ | २९ नोव्हेंबर

एवढी खोदाखोद कशाला? दाण्यांना लाल तिखट लावा. पक्ष्यांना तिखट लागत नाही, खारींना लागतं. मी दोन वर्षं करतेय.

---

डोंगरकडा | २९ नोव्हेंबर

तिखटमीठ यांचं म्हणणं मुळात बरोबर आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिनने आपल्या तोंडातला तिखटपणा ओळखणारा जो ग्राहक (पेशींवरचा रेणू) पेटतो, तो पक्ष्यांमध्येही असतो, पण त्यांच्यातला ग्राहक कॅप्सेसिनला दादच देत नाही. मिरचीच्या झाडाच्या दृष्टीने ते सोयीचं आहे. पक्षी बी न चावता गिळतो आणि लांब नेऊन टाकतो. उंदीर-खारी बी चावून संपवतात, त्यांना तिखट लागतं.

पण घरची तिखटाची पूड दाण्यांवर भुरभुरवू नये असं मला ठामपणे वाटतं. वारा आला की ती उडते. पाखरांच्या डोळ्यांत जाते, खारीच्या डोळ्यांत जाते, भरताना आपल्याही जाते. खार मग डोळे पंजाने चोळते आणि पंजाचं तिखट आणखी आत नेते. वापरायचंच तर बियांवर तेलातून चिकटवलेलं, तयार मिळणारं वापरा आणि हातमोजे घालून भरा. शिवाय भुकेली खार काही दिवसांनी ते खायला शिकतेही. माझ्याकडे शिकली.

---

तिखटमीठ | २९ नोव्हेंबर

डोळ्यांचा विचार मी केला नव्हता. पूड बंद करते.

---

गवतफूल | २९ नोव्हेंबर

आमचं अपार्टमेंट आहे, पोल रोवायला जमीनच नाही. बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर आणि खार विटांच्या भिंतीवरून सरळ चढून येते. उतरते तीही डोकं खाली करून! आमच्यासारख्यांनी काय करायचं?

---

रानपाखरू | २९ नोव्हेंबर

खारीचा मागचा घोटा जवळजवळ पूर्ण उलटा वळतो, म्हणून ती नखं वरच्या बाजूला रोवून डोकं खाली ठेवून उतरू शकते. विटांच्या भिंती तिला झाडाच्या सालीसारख्याच.

बाल्कनीत अंतराचा उपाय चालणार नाही. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, पिंजऱ्यातला फीडर: बाहेर जाळी, आत दाण्यांची नळी. जाळीची भोकं दीड इंचाची असली की चिकडी, नटहॅच, गोल्डफिंच अशी लहान पाखरं आत जातात, मोठी खार जात नाही. मात्र कार्डिनलसारख्या मोठ्या पाखरालाही आत जाता येत नाही, आणि जाळी व नळी यांत पुरेसं अंतर नसेल तर खार बाहेरून हात घालते.

दुसरी, वजनावर बंद होणारा फीडर. खार ४०० ते ६०० ग्रॅमची, कार्डिनल ४५ ग्रॅमच्या आसपास. खार दांडीवर बसली की झडप खाली येते. हा चांगला चालतो, पण तिला मागच्या पायांनी वरून लटकून दांडीला न शिवता खाता आलं तर झडप पडणारच नाही. म्हणून लांब तारेवर टांगा. आणि पाऊस पडून लगेच गोठलं की स्प्रिंग अडकते, ती रोज हाताने दाबून बघावी लागते.

तिसरी वाट म्हणजे दाणाच बदलणं. त्याबद्दल इथे करडईवाले कुणी असतील तर लिहा.

---

शेवंती | ३० नोव्हेंबर

मी करडईवाली. गेली चार वर्षं करडईच घालते. करडई कडवट असते, खारींना सहसा आवडत नाही. कार्डिनल मात्र आवडीने खातो, चिकडी आणि हाउस फिंचही. सूर्यफुलाहून कमी गर्दी होते हे मान्य, पण जी होते ती पाखरांचीच होते. एकदम बदलू नका. आधी पाव हिस्सा करडई मिसळा, मग निम्मी, मग पूर्ण. अचानक बदललं की पाखरं आठवडाभर रुसतात.

गोल्डफिंचसाठी कारळे. बारीक जाळीच्या पिशवीत किंवा बारीक चिरांच्या नळीत घालायचे. खारींना त्यात रस नसतो. फीडरसाठी आयात होणारे कारळे भाजून निर्जीव केलेले असतात, त्यामुळे खाली सांडले तरी उगवत नाहीत. पण ते लवकर खवट होतात आणि ओल लागली की गोळा बनतो, म्हणून थोडे थोडे आणा.

चरबीच्या वड्या लावत असाल तर शेंगदाणे आणि बिया नसलेली साधी वडी घ्या. सुतारपक्षी तीही खातो. शेंगदाण्याचा वास आला की खार ठरलेलीच.

---

कवडसा | ३० नोव्हेंबर

करडई आणि कारळे! इतकी वर्षं पाकिटावरची इंग्रजी नावं वाचून मला हे काहीतरी परदेशी बी वाटत होतं. शेवंतीताई, छान माहिती.

---

डोंगरकडा | १ डिसेंबर

या धाग्यात खार सतत 'प्रश्न' म्हणून येतेय. तिचा हिवाळा नक्की कसा जातो हे थोडं लिहावंसं वाटतं. ते कळलं की कुठला उपाय चालेल हेही कळतं.

राखाडी खार हिवाळ्यात झोपी जात नाही. चिपमंक (पट्ट्यांची छोटी खार) बिळात सुस्तावतो, मधूनमधून उठून साठवलेलं खातो. जमिनीवरच्या काही खारी तर महिनोन्‌महिने गाढ निद्रेत असतात. राखाडी खार मात्र रोज उठून अन्न शोधते. फार वादळ असेल तर एक-दोन दिवस घरट्यात पडून राहते, इतकंच. घरटं म्हणजे पानं-काटक्यांचा तो मोठा गोळा, पानगळीनंतर उंच फांद्यांच्या बेचक्यात दिसतो तो. झाडाच्या ढोलीत जागा मिळाली तर तिला ती जास्त पसंत. कडाक्याच्या थंडीत दोन-तीन जणी एकत्र झोपतात.

तिची साठवण शरद ऋतूतच सुरू होते. एकेक फळ वेगवेगळ्या जागी, उथळ खड्ड्यात पुरायचं. एक कोठार लुटलं गेलं तरी बाकीची शाबूत राहतात. कुणी बघत असेल तर ती खोटा खड्डा खणते, तोंडातलं फळ तोंडातच ठेवून माती सारखी करते आणि दुसरीकडे जाऊन पुरते. ओकच्या फळांमध्येही निवड करते. व्हाइट ओकचं फळ पडल्या पडल्या शरदातच रुजतं, ते ठेवून उपयोग नाही, म्हणून ती ते लगेच खाते, किंवा पुरायच्या आधी त्याचा कोंब कुरतडून टाकते, म्हणजे रुजणारच नाही. रेड ओकचं फळ वसंतापर्यंत रुजत नाही, ते साठवणीला जातं.

पुरलेलं ती नुसत्या वासावर शोधते असा समज होता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की इतर खारींनी जवळपासच पुरलेल्या फळांपेक्षा स्वतः पुरलेली फळं ती जास्त शोधून काढते, म्हणजे जागा लक्षात ठेवते. मला स्वतःला हे खारीबद्दलचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं. ओसाड दिसणाऱ्या पांढऱ्या अंगणात तिच्या डोक्यात एक नकाशा आहे.

लाल खारीची तऱ्हा वेगळी. ती सूचिपर्णी झाडांचे शंकू एकाच ढिगात साठवते आणि त्या ढिगाची राखण करते. म्हणून फीडरवर आलेली लाल खार आकाराने निम्मी असूनही राखाडी खारीला हुसकावते.

आता फीडरशी संबंध. ओकला काही वर्षं भरपूर फळं धरतात, काही वर्षं जवळजवळ नाहीच. भरघोस वर्षानंतर खारींची पिल्लं जास्त जगतात आणि पुढच्याच वर्षी ओक रिकामा निघाला तर खाणारी तोंडं जास्त आणि अन्न कमी. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात असंच होऊन खारी मोठ्या संख्येने जागा सोडून निघाल्या होत्या. पाऊलवाट, तुमच्या आसपासचे ओक या शरदात कसे होते आठवून बघा. आधीची दोन वर्षं खारी सांडलेल्यावर समाधानी होत्या, त्याचं कारण कदाचित तिथेच असेल.

---

पाऊलवाट | १ डिसेंबर

बरोबर! मागच्या वर्षी फुटपाथवर ओकची फळं इतकी होती की चालताना पाय सरकायचा. या वर्षी मी मुलीला खेळायला शोधली तर पाच-सहा मिळाली. हा धागा जोडायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

नदीकाठ | २ डिसेंबर

सरळ पिंजरा लावून पकडा आणि दहा मैलांवरच्या जंगलात सोडून द्या. तिथे झाडंही भरपूर, सगळ्यांचंच भलं.

---

डोंगरकडा | २ डिसेंबर

नदीकाठ, कृपया करू नका. हेतू चांगला असला तरी त्याचा परिणाम वाईट होतो. वस्तीतल्या ३८ राखाडी खारी पकडून मोठ्या जंगलात सोडल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं, असा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ८८ दिवसांत त्यांतल्या ९७ टक्के मेल्या किंवा त्या भागातून नाहीशा झाल्या. वर लिहिलं तसं, खारीचा हिवाळा तिने पुरलेल्या फळांवर आणि त्यांच्या आठवणीवर चालतो. दहा मैलांवर नेलं की पुरलेलं मागे राहिलं, घरटं मागे राहिलं, आणि नव्या जागेत आधीपासूनच्या खारी तिला हाकलणार. हिवाळ्यात तर ही शिक्षाच आहे. अनेक ठिकाणी वन्यप्राणी असा हलवायला कायद्याने मनाई आहे. शिवाय रिकामी झालेली जागा शेजारची खार लवकरच घेते.

---

नदीकाठ | २ डिसेंबर

आठवणीचा मुद्दा पटला. विचार सोडला.

---

माळरान | ३ डिसेंबर

थोडं वेगळं मत मांडतो. खारी आणि पाखरं, दोघंही त्याच अंगणात राहतात. आपण बाहेरचं अन्न आणून एका उंचीवर टांगतो आणि मग ठरवतो की कोणी खायचं. खारींना वेगळं खायला दिलं तर काय बिघडलं? मी परसाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्यासाठी शेंगदाणे ठेवतो. फीडरवर कमी येतात.

---

रानपाखरू | ३ डिसेंबर

मी तीन हिवाळे हे केलंय, म्हणून सांगतो. पहिले दोन आठवडे फीडर खरंच मोकळा राहतो. मग खारी वाढतात. माझ्याकडे तीनच्या नऊ झाल्या, आणि शेंगदाणे संपले की सगळ्या फीडरकडे. लक्ष वळवणं हा उपाय म्हणून टिकत नाही.

---

माळरान | ३ डिसेंबर

मी फीडर वाचवायला देत नाही, त्यांना भूक आहे म्हणून देतो. दोन्हींत फरक आहे.

---

शेवंती | ३ डिसेंबर

माळरान, भूक म्हणून देत असाल तर शेंगदाणे आणि मका हेच मुख्य अन्न होऊ देऊ नका. त्यांत कॅल्शियम फार कमी असतं. ओला मका-शेंगदाणा बुरशी धरतो आणि त्या बुरशीचं विष खारींना आणि पाखरांनाही बाधतं. मी शरदात ओकची फळं आणि अक्रोड कवचासकट गोळा करून कोरड्या जागी ठेवते आणि जानेवारी-फेब्रुवारीत फीडरपासून लांब, थोडे थोडे टाकते. हेच त्यांचं अन्न. कवच फोडण्यात दातही झिजतात. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला हवेतच.

---

माळरान | ३ डिसेंबर

हे फार चांगलं आहे. पुढच्या शरदात नक्की करेन. या वर्षी शेंगदाणे कमी करून कवचातले अक्रोड देतो.

---

पाऊलवाट | ११ डिसेंबर

अपडेट. शनिवारी पोल रोवला, जमीन वरून गोठलेली होती, गरम पाणी ओतून भोक पाडावं लागलं. सगळ्यात जवळची फांदी ११ फुटांवर. नळकांडं दोन फुटांचं, वरचं टोक चार फूट दहा इंचांवर. प्लास्टिकची नळी टाकून दिली, लोखंडी जाळीची आणली.

रविवारी सकाळी पहिली खार पोलवर चढली, नळकांड्यात गेली, पंधरा सेकंदांनी खाली आली. असं आठ वेळा. मग लांब जाऊन बसली आणि कितीतरी वेळ फीडरकडे बघत राहिली. कठड्यावरून, मेपलवरून, सगळीकडून अंदाज घेतला, उडी एकदाही मारली नाही.

सोमवारी दुपारी चिकड्या परतल्या. पाच मोजल्या. एकेक दाणा उचलते आणि फांदीवर नेऊन दोन पायांत धरून फोडते. काही दाणे सालीच्या फटीत लपवताना पाहिले. आज नटहॅचही होता. मला किती बरं वाटतंय ते लिहून सांगता येणार नाही.

---

डोंगरकडा | १२ डिसेंबर

अभिनंदन! चिकडीही खारीसारखीच साठवणारी. रात्री ती शरीराचं तापमान मुद्दाम कित्येक अंशांनी खाली आणते, म्हणजे चरबी पुरते, आणि सकाळी पुन्हा चढवते. १९८८ साली विस्कॉन्सिनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कडक हिवाळ्यात फीडर असलेल्या चिकड्यांपैकी ६९ टक्के तगल्या, नसलेल्यांपैकी ३७ टक्के. त्याच संशोधकांनी पुढे एका जागचे २५ वर्षांचे फीडर काढून पाहिले तर त्या पाखरांचं काही अडलं नाही. म्हणजे फीडरने पाखरं आळशी होत नाहीत, पण कडाक्याच्या दिवसांत तो जीव वाचवतो. कवडसा, तुम्ही काढून ठेवलेला फीडर जानेवारीच्या आत परत लावाच.

---

कवडसा | १२ डिसेंबर

लावते. पोल मागवला.

---

निशाचर | १५ डिसेंबर

माझा फीडर दिवसा शाबूत असतो आणि रात्रीत रिकामा होतो. खारी तर रात्री झोपतात ना?

---

रानपाखरू | १५ डिसेंबर

राखाडी आणि लाल झोपतात. उडती खार रात्रीचीच. टॉर्चवर लाल कापड बांधून हळूच बघा, मोठे काळे डोळे दिसले तर तीच. ती उंचावरून कित्येक फूट तरंगत येते, त्यामुळे तिला १० फुटांचं अंतर काहीच नाही. पण खाते थोडंच. पूर्ण फीडर रिकामा होत असेल तर रॅकून किंवा हरणाचा संशय धरा. संध्याकाळी फीडर आत घ्या, पाखरं उजाडायच्या आत येत नाहीत.

---

गवतफूल | २ जानेवारी

पिंजऱ्याचा फीडर लावला. खार जाळीवर बसते पण हात पोचत नाही. गोल्डफिंच आत निवांत खातात. एक शंका: दोन फिंच अंग फुगवून खालीच बसून आहेत, माणूस जवळ गेला तरी उडत नाहीत. थंडीमुळे असेल का?

---

शेवंती | २ जानेवारी

नाही! ही आजाराची खूण आहे. फीडर लगेच काढा, निदान दोन आठवडे. दाणे फेकून द्या, खाली पडलेलंही झाडून टाका. फीडर साबणाने घासा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, भरपूर धुवा, पूर्ण वाळवा. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन नावाचे छोटे फिंच फीडरवरच्या साल्मोनेला जिवाणूने मोठ्या संख्येने मेले होते, आणि त्यांचीही लक्षणं अशीच होती. एरवीही दोन आठवड्यांतून एकदा हे धुणं चुकवू नये. आजारी पाखरू उघड्या हाताने उचलू नका.

---

गवतफूल | २ जानेवारी

काढला. धुतला. सांगितलंत ते फार बरं झालं.

---

पाऊलवाट | १९ जानेवारी

मंडळी, आज सकाळी खार फीडरवर होती. सगळं जागच्या जागी आहे, नळकांडं सरकलेलं नाही, फांदी ११ फुटांवर आहे. महिनाभर एकदाही जमलं नाही आणि आज आली. कसं काय?

---

रानपाखरू | १९ जानेवारी

बर्फ किती पडलाय?

---

पाऊलवाट | १९ जानेवारी

तीन दिवसांत २२ इंच. वर कडक कवच झालंय, माझ्या मुलीचा पायही रुतत नाही.

---

रानपाखरू | १९ जानेवारी

हेच कारण. जमीन जवळजवळ दोन फूट वर आली, म्हणजे नळकांड्याचं टोक आता चार फूट दहा इंचांवर नाही, तीन फुटांवर आहे. खारीला कडक बर्फावरून ती एका उडीची गोष्ट. बॅफलची उंची नेहमी बर्फापासून मोजायची. मी पोलला रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवतो, नळकांड्याच्या टोकापासून साडेचार फूट खाली. बर्फ खुणेच्या वर आला की फावडं घ्यायचं.

पोलभोवती निदान सहा फुटांचं वर्तुळ उपसा. उपसलेला बर्फ जवळ ढीग करून ठेवू नका, तोच तिला चबुतरा होईल. आणि फांद्याही बघा. ओल्या बर्फाच्या ओझ्याने त्या वाकतात, ११ फुटांची फांदी आठवर येऊ शकते.

---

पाऊलवाट | १९ जानेवारी

दीड तास उपसत होते. मेपलची एक फांदी खरंच वाकून जवळ आली होती, बर्फ झटकल्यावर वर गेली. आता टोक पुन्हा साडेचार फुटांवर आहे. खार दोनदा आली, नळकांड्यात जाऊन परतली.

---

माळरान | २० जानेवारी

हे वाचून मीही बाहेर जाऊन मोजलं. माझं टोक सव्वातीन फुटांवर निघालं.

---

पाऊलवाट | २१ फेब्रुवारी

उपसलेलं वर्तुळ महिनाभर राखतेय, प्रत्येक बर्फानंतर. तेव्हापासून फीडरवर खार नाही. खाली सांडलेलं मात्र त्या वेचतात आणि मी ते त्यांच्यासाठी राहू देते. मुलीला मिळालेली ती पाच-सहा ओकची फळं आम्ही मेपलच्या बुंध्याशी ठेवली होती, दुसऱ्या दिवशी एकही नव्हतं.

जानेवारीत चार-पाच खारी एकीमागे लागून झाडांवर गोल गोल पळत होत्या. आता त्यांतली एक सुकलेली साल दातांनी सोलून तोंडात गुंडाळून वर नेतेय, दिवसभरात कितीतरी फेऱ्या. पिल्लं होणार असतील का?

---

डोंगरकडा | २१ फेब्रुवारी

हो, तेच असणार. ती पळापळ म्हणजे समागमाचा हंगाम, आणि त्यानंतर साधारण ४४ दिवसांनी पिल्लं होतात. साल घरट्याच्या आतल्या अस्तरासाठी. मेपलवर अजून एक बघा: ती साल चावून ठेवते, रस पाझरतो, पाणी उडून जातं, आणि मग ती परत येऊन उरलेला गोड थर चाटते. लाल खारी तर यात फारच तरबेज आहेत. या दिवसांत पुरलेली फळं संपत आलेली असतात, कोंब अजून फुटलेले नसतात, त्यामुळे तिला हेच सगळ्यात कठीण आठवडे.

---

पाऊलवाट | २२ फेब्रुवारी

मेपलच्या दक्षिणेकडच्या फांदीवर ओला डाग दिसला. उद्या सकाळी दुर्बीण घेऊन बसते.

---

रानपाखरू | २२ फेब्रुवारी

बसा जरूर. आणि बर्फ वितळायला लागला की पोल हलवून बघा. गोठलेल्या जमिनीत रोवलेला पोल माती सैल झाली की एका बाजूला कलतो. तुमचा मेपलच्या बाजूला कलला तर ११ फुटांचे १० कधी झाले ते कळणारही नाही.